दार लागलं, चावी आत

नवीन घरात आलायस, म्हणून सांगतो. नाईट लॅचचं दार (ओढलं की आपोआप लॉक होणारं) वाऱ्याने धाडकन लागतं. माझं लागलं तेव्हा गॅसवर दूध होतं. अशा वेळी, किंवा आत लहान मूल असेल तर, सरळ १०१ ला फोन कर, अग्निशमन दल येतं. शेजाऱ्यांच्या खिडकीतून छज्ज्यावर उतरू नकोस रे, पावसाळ्यात शेवाळावर पाय ठरत नाही. घाई नसेल तर चावीवाला बोलाव, वॉचमनला सोबत उभा कर. आधी दाराच्या फटीतून पट्टी सरकवून बघायला सांग. नुसतं ओढलेलं दार बरेचदा तेवढ्यानेच उघडतं. कुणी आतून लॉक फिरवलेलं असेल तर कुलपाचा सिलिंडर, म्हणजे चावी घालतो तो भाग, ड्रिल करावा लागू शकतो; मग तेवढाच बदलून घे. आणि जादा चावी आजच समोरच्या काकूंकडे दे.