पायांत बळ, तरी भोवळ का?

प्रश्न : वय ६८, मधुमेह १९ वर्षांचा. आठवड्यातून तीनदा पर्वती चढतो. पण पहाटे अंथरुणातून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टर म्हणाले, ‘ऑटोनॉमिक नसांवर परिणाम झालाय.’ नसाच बिघडल्या असतील तर मी पर्वती कसा चढतो?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : पर्वती चढवणाऱ्या नसा वेगळ्या, काका. गेल्या महिन्यात माझे डोळे तपासताना बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले. बाहेर लक्ष्मी रस्त्यावरचं ऊन सोसेना, मोबाइलवरचं अक्षर लागेना. डोळे मात्र हवे तिकडे फिरत होते! डोळा फिरवते ती कायिक, म्हणजे सोमॅटिक चेतासंस्था. बाहुली लहान करते, जवळचं दिसावं म्हणून भिंग फुगवते ती स्वायत्त, म्हणजे ऑटोनॉमिक. थेंबांनी एवढी दुसरीच गप्प केली. आणि गंमत अशी, की दोन्हींचे बरेच तंतू मेंदूच्या एकाच, तिसऱ्या नसेतून येतात.

कायिक तंतू मज्जारज्जूतून निघतो तो थेट स्नायूत. पावलापर्यंत जाणारी एकच पेशी जवळजवळ मीटरभर लांब. स्वायत्त संदेश बहुतेक वेळा वाटेत, स्वारगेटला बस बदलावी तसा, एका गंडिकेत, म्हणजे चेतापेशींच्या गाठीत, पेशी बदलतो. कायिक तंतू स्नायूला फक्त ‘आवळ’ म्हणतो. स्वायत्त ‘सैल सोड’ही म्हणते : तिचे सिंपथेटिक, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारे, तंतू हृदयाला पळवतात; तिचीच मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस नस आवरते.

‘कायिक म्हणजे ऐच्छिक’ हे शाळेतलं समीकरण मात्र मला अर्धवटच वाटतं. झोपेत श्वास चालवणारं श्वासपटल कायिक नसेवरच हलतं, तुम्हाला न विचारता.

आता तुमची भोवळ. उभं राहिलं की अर्धा लिटर तरी रक्त पाय-पोटाकडे उतरतं. एरवी सिंपथेटिक तंतू लगेच रक्तवाहिन्या आवळतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. मधुमेहाने हे बारीक तंतू झिजले की आवळणं कमी पडतं आणि रक्तदाब घसरतो. मांड्या-पोटऱ्यांच्या नसा तेव्हा शाबूत असू शकतात.

पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा. उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा, शेजारी कुणाला तरी ठेवून. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. सगळ्या गोळ्याही न्या. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही असं होतं. तोवर पहाटे पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसून पोटऱ्या आवळा-सोडा, मग उठा. त्या अजून तुमच्या हुकमात आहेत.