व्हिनेगर न वापरता पुल्ड पोर्कसाठी बार्बेक्यू सॉस कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा: दीड किलो पोर्क शोल्डरचं (डुकराच्या खांद्याच्या मांसाचं) पुल्ड पोर्क, म्हणजे मऊ शिजवून धागे सुटे केलेलं मांस, करायचंय, घरात एकाला व्हिनेगर चालत नाही, आणि सापडेल त्या प्रत्येक कृतीत ते आहेच. त्याऐवजी तेवढाच लिंबाचा रस घातला तर चालेल का?

सॉस होईल, पण बेचव होईल. ते का, हे नंतर सांगतो. आधी बाटल्यांची लेबलं वाचा. कृतीतलं दोन-तीन चमचे व्हिनेगर तुम्ही गाळाल, पण टोमॅटो केचपमध्ये ते असतं, तयार मस्टर्डमध्ये असतं, वूस्टरशायर सॉसमध्ये असतं, टॅबॅस्कोसारख्या तिखट सॉसमध्ये असतं आणि बहुतेक मेयोनेजमध्येही. आपल्याकडच्या बऱ्याच सोया सॉसमध्ये ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, घातलेलं असतं. लेबलवर ‘आयएनएस २६०’ हा त्याचा क्रमांक दिसला की समजायचं. नैसर्गिकरीत्या आंबवलेला सोया सॉस घ्या, नाहीतर त्याऐवजी नुसतं मीठ. आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. टोमॅटो प्युरीच्या पाकिटावर ते असलं तरी हरकत नाही.

दुसरं, कोणता सॉस हवाय ते ठरवा. अमेरिकेत पूर्व नॉर्थ कॅरोलिनाचा सॉस म्हणजे व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरची, बस. त्यातून व्हिनेगर काढलं तर उरतं तिखट मीठ. त्या वाटेला जाऊच नका. साउथ कॅरोलिनाचा पिवळा मस्टर्ड सॉस आणि अलाबामाचा पांढरा मेयोनेजचा सॉस यांचंही तेच. कॅन्सस सिटीचा दाट, गोडसर, टोमॅटोचा सॉस मात्र व्हिनेगरशिवाय जमतो, कारण तिथे आंबटपणाला टोमॅटो, मोलॅसिसचा (उसाच्या काळ्या दाट पाकाचा) गोडवा आणि मसाला यांची सोबत असते.

आता लिंबाचं. व्हिनेगर दोन कामं करतं: जिभेला आंबट लागतं आणि नाकाला झोंबतं. ॲसेटिक आम्ल वाफेबरोबर उडतं, म्हणून झोंबतं, आणि म्हणूनच वीस मिनिटं उकळल्यावर सॉस थोडा मवाळही होतो. लिंबातलं सायट्रिक आम्ल उडत नाही. उकळताना रसाचा ताजा वास जातो आणि आंबटपणा तेवढा आटून तीव्र होतो. साल किंवा बी आत गेली असेल तर कडवटपणा वेगळाच. म्हणून ही दोन कामं दोघांत वाटायची: पायाचा आंबटपणा चिंचेने द्यायचा, आणि नाकासाठी लिंबू, मोहरी, मिरे शेवटी घालायचे. चिंच इथे उपरी नाही, वूस्टरशायर सॉसमध्ये ती असतेच.

दीड किलो कच्च्या शोल्डरला पुरेल असा साधारण ४०० मिली सॉस होईल इतकं प्रमाण: २५ ग्रॅम बिया काढलेली चिंच, २०० ग्रॅम टोमॅटो प्युरी, १ मध्यम कांदा किसून, ४ लसूण पाकळ्या ठेचून, ६० ग्रॅम गूळ, २ मोठे चमचे काकवी, २ छोटे चमचे ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीचं तिखट, १ छोटा चमचा ताजे कुटलेले मिरे, १ मोठा चमचा सोया सॉस, अर्धा छोटा चमचा मीठ, १ छोटा चमचा मोहरीची पूड, १ मोठा चमचा लिंबाचा रस, १ मोठा चमचा तेल. अमेरिकन कृतीतल्या मोलॅसिसच्या जागी काकवी आहे. काकवी तितकी कडवट नसते, पण रंग आणि दाटपणा तोच देते. साखर कारखान्याची मळी म्हणजे मोलॅसिसच असली तरी ती खाण्यासाठी काढलेली नसते, तिचा विचार करू नका.

चिंच १२० मिली गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून, कोळून गाळून घ्या. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता, कडेने सोनेरी व्हायला हवा. लसूण एक मिनिट. मग आच अगदी कमी करून तिखट घाला आणि पंधरा-वीस सेकंदांत प्युरी ओता. तिखट जळलं तर पुढे कितीही गूळ घातला तरी कडूपणा जात नाही. प्युरी पाच-सहा मिनिटं, कडेला तेल सुटेपर्यंत परता. आता चिंचेचा कोळ, गूळ, काकवी, सोया, मीठ आणि १०० मिली पाणी घालून झाकण अर्धवट ठेवून पंधरा ते वीस मिनिटं मंद उकळा. पाण्याऐवजी मांस शिजताना सुटलेला रस वरची चरबी काढून घातला तर उत्तम, त्यातल्या जिलेटिनने सॉसला अंग येतं. मग तो रस खारट आहे का बघा आणि मीठ त्या हिशेबाने शेवटी घाला. थोडं निवल्यावर मिक्सरमधून काढा. अल्युमिनियम किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात हे करू नका, चिंच धातूला लागते.

मोहरीची पूड थेट उकळत्या सॉसमध्ये टाकली तर झणका येतच नाही, नुसती कडवट लागते. झणका गार पाण्याशी गाठ पडल्यावर तयार होतो. गरम पाण्याने किंवा आंबटाने तो अडतो. एक छोटा चमचा पूड दोन छोटे चमचे गार पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा, आणि सॉस कोमट झाल्यावर मोहरी, मिरे, लिंबाचा रस एकत्रच घाला.

आपल्या हातून यात होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे सॉसची भेळेची चटणी होणं. चिंच, गूळ, तिखट एकत्र आले की हात आपोआप जिऱ्याकडे, सुंठीकडे, काळ्या मिठाकडे जातो. तिथेच थांबा. या सॉसची चव परतलेला कांदा, टोमॅटो आणि धूर यांवर उभी असते. मांस स्मोकरमध्ये केलेलं नसेल तर स्मोक्ड पॅप्रिका (धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड) १ छोटा चमचा घाला. ती नसेल तर सॉस उकळताना एक मसाला वेलची ठेचून टाका आणि मिक्सरआधी काढा. ती धुरावर वाळवलेली असते, एकीपेक्षा जास्त टाकली तर कापरासारखा वास येतो.

चिंच नको असेल तर आठ-दहा आमसुलं तेवढ्याच पाण्यात भिजवून घ्या. पोर्क आणि सोलं ही जोडी गोव्यात सोलांतुलेंमध्ये जुनीच आहे. आमसुलाला मीठ लावलेलं असतं, म्हणून सॉसमधलं मीठ आधी गाळा; आणि चिंचेसारखा दाटपणा त्यात नसल्यामुळे सॉस पाचेक मिनिटं जास्त आटवा.

चव चमच्यावर पाहू नका, मांसाच्या एका गरम धाग्याला लावून पाहा. नुसता सॉस जरा जास्तच आंबट आणि खारट वाटायला हवा. शोल्डरची चरबी दोन्ही गिळून टाकते. गोड वाटला तर चिंच एकेक चमचा वाढवा, लिंबू नाही. सपाट वाटला तर आधी चिमूटभर मीठ, मग मिरे. दाटपणा ताटलीवर बघा: थेंब पसरून बोटाने रेघ ओढा, ती लगेच बुजली तर अजून आटवा. गार झाल्यावर तो आणखी दाटतो, म्हणून पातेल्यातच लगद्यासारखा करू नका.

दीड किलोतून हाड आणि आटणं वजा जाता ८००-९०० ग्रॅम मांस हाती येतं. ते गरम असतानाच सुटं करून त्यात २०० मिली सॉस कालवा, बाकीचा ताटाशी ठेवा. जाळीवर भाजताना वरून लावायचा असेल तर शेवटच्या दहा मिनिटांतच लावा, गूळ पटकन करपतो.

टिकण्याचा भरवसा मात्र व्हिनेगरच्या सॉसइतका नाही. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, कोरड्या चमच्याने, चार-पाच दिवस. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरा, दोन महिने चालतात. वितळल्यावर थोडं लिंबू नव्याने पिळा.