गिटार सोलोमध्ये स्पीड महत्त्वाचा की फील?

तुम्ही लिहिलंय की मेट्रोनोमवर (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला १६० ठोक्यांपर्यंत पोचलात तरी बँडमधली पोरं म्हणतात सोलोत जीव नाही, मग आता स्पीड सोडून नुसतं ब्लूज वाजवू का. स्पीड अजिबात सोडू नका, मेहनतीने कमावलाय तो.

फक्त एक हिशोब करून बघा. १६० ला सिक्स्टीन्थ नोट्स, म्हणजे एका ठोक्यात चार सूर, वाजवले की सेकंदाला १० पेक्षा जास्त सूर, एकेका सुराच्या वाट्याला सेकंदाचा दहावा भागही येत नाही. तेवढ्यात व्हायब्रॅटो, म्हणजे धरलेल्या सुराला दिलेला हेलकावा, कुठून देणार? बोट टेकतंय तोवर पुढचा सूर हजर. त्यामुळे फास्ट रनमध्ये, म्हणजे सलग जलद सुरांच्या ओळीत, फील असतो तो अख्ख्या रनच्या चालीत, म्हणजे कुठून सुटला, जोर कुठे दिला आणि मुख्य म्हणजे कुठे येऊन टेकला. आपल्याकडे तान कितीही जलद असो, समेवर नेमकी आली की दाद मिळतेच ना, तिला कोणी कोरडी म्हणत नाही.

स्पीडसाठी गाजलेला गिटारिस्ट यंग्वी मालमस्टीनचंच बघा. १९८४ च्या 'रायझिंग फोर्स' अल्बमनंतर कित्येकांनी त्याचे हार्मोनिक मायनर या स्केलमधले रन घोटून पाठ केले, पण रन संपल्यावर तो शेवटचा सूर कसा धरतो, केवढा रुंद व्हायब्रॅटो आणि तरी पक्का सुरात, ते माझ्या मते फार थोड्यांनी उचललं. नक्कल कोरडी वाटते ती तिथेच. दुसऱ्या टोकाला ब्लूज गिटारिस्ट बी. बी. किंग, ज्याने जुन्या ब्लूजवाल्या बुक्का व्हाइटच्या स्लाइडसारखा (तारेवर नळी घसरवून काढलेला) आवाज नुसत्या बोटाने काढायच्या नादात आपला व्हायब्रॅटो घडवला, आणि तो गाताना गिटार वाजवायचाच नाही, आधी गळा मग गिटार, त्यामुळे त्याच्या फ्रेजला आपोआप श्वास मिळतो.

आणि फील आतून आपोआप येतो, त्याची प्रॅक्टिस नसते, हे जे लोक सांगतात ते मला अजिबात पटत नाही. पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम' गाण्याचा (१९७९) शेवटचा सोलो डेव्हिड गिलमोरने एका दमात वाजवलेला नाही, त्याने बरेच टेक घेतले, प्रत्येकातल्या चांगल्या फ्रेज निवडल्या आणि त्या जोडून तो सोलो बनवला. ऐकून रडू येतं तो सोलो असा निवडून पाखडून केलेला आहे!

तुमचा प्रॉब्लेम मला वाटतं बेंडमध्ये, म्हणजे तार ताणून सूर चढवण्यात, असेल, स्पीडवाल्यांचा बहुतेकदा तिथेच असतो. तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटचा सूर वाजवा, कानात बसू द्या, मग सातव्या फ्रेटवरून तार ताणून बरोब्बर तिथे पोचा, अनामिकेने ताणा आणि मागे दोन बोटांचा आधार द्या. पोचल्यावर लगेच सोडू नका, धरून ठेवा आणि मग मनगटातून व्हायब्रॅटो सुरू करा, बोट नुसतं थरथरवून नाही. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, बेंड जरासा खाली राहिला असेल तर वाजवताना कळत नाही पण ऐकताना लगेच टोचतं.

हे जमायला लागलं की ए मायनरमधला स्लो बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावा आणि फ्रेज आधी तोंडाने गुणगुणा मग वाजवा, श्वास संपला की हात थांबलाच पाहिजे. तुमचा १६० वाला रन त्यात एकदाच टाका, उशिरा टाका, आणि तो जिथे संपेल तो सूर त्या वेळी चालू असलेल्या कॉर्डमधलाच असू द्या.