अमेरिकी परंपरावाद : वाचनाची सुरुवात

प्रश्न : अमेरिकेचा समाज व राजकारण परंपरावादी दृष्टीतून समजून घेण्यासाठी कोणती पुस्तके वाचावीत?

उत्तर : रसेल कर्क यांच्या ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड’पासून (१९५३) सुरुवात करावी; अठराव्या शतकातील ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कपासूनची परंपरावादी विचारपरंपरा त्यात सलग उलगडते. माझा खरा आग्रह मात्र चार्ल्स मरे यांच्या ‘कमिंग अपार्ट’साठी (२०१२) आहे. बोस्टनजवळचे सुखवस्तू बेलमाँट आणि फिलाडेल्फियातील कष्टकऱ्यांचे फिशटाउन यांची नावे प्रतीकादाखल घेऊन, १९६० ते २०१० या काळात विवाह, उद्योगशीलता, प्रामाणिकपणा व धर्मनिष्ठा यांबाबत गोऱ्या अमेरिकनांमधील दोन वर्ग एकमेकांपासून कसे दुरावत गेले, हे ते आकडेवारीनिशी मांडतात. कारखाने बंद पडल्याचा आघात ते कमी लेखतात, असे मला वाटते. तरीही ते चित्र मनातून जात नाही. थॉमस सोवेल यांचे ‘अ कॉन्फ्लिक्ट ऑफ व्हिजन्स’ त्यानंतर सावकाश वाचावे.