रोज वीस शब्द पाठ करणं आधी थांबवा

सहा महिने रोज वीस इंग्रजी शब्द पाठ करताय, वही भरली, पण मेल लिहायला बसलं की एकही आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझीही अशीच वही होती. तिच्यात 'कॉम्प्लेसंट'पुढे 'आत्मसंतुष्ट' लिहिलं होतं. मी ते नुसतं 'समाधानी' असं धरलं आणि अहवालात ठोकून दिलं की आपले ग्राहक कॉम्प्लेसंट आहेत. साहेबांनी बोलावून विचारलं, "ग्राहक गाफील आहेत म्हणजे काय रे?"

अर्थ पाठ होता, शब्दाची संगत माहीत नव्हती. आपण मुसळधार पाऊस म्हणतो, वारा मात्र सोसाट्याचा. मुसळधार वारा म्हटलं तर शाळकरी पोरही हसेल. इंग्रजीतही पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. 'मिटिगेट' (तीव्रता कमी करणं) शिकलात तर त्याच्यासोबत 'रिस्क', 'इम्पॅक्ट', 'डॅमेज' शिका. वहीत सुटा शब्द नको, तीन-चार शब्दांचा तुकडा लिहा. यासाठी ऑक्सफर्डचा लर्नर्स डिक्शनरी हा कोश बघा, ऑनलाइन फुकट आहे. हॉर्नबी यांनी तो मुळात जपानमध्ये शिकवत असताना, इंग्रजी परकी असणाऱ्यांसाठी रचला. ऑक्सफर्डने तो 1948 साली काढला. म्हणूनच त्यात शब्द वापरायचा कसा ते सापडतं. इंग्रजी-मराठी कोश अर्थ देऊन मोकळा होतो.

शब्द कुठले घ्यायचे? वाचताना ओळखीचे वाटतात, पण लिहिताना हात आखडतो, ते. दिवसाला तीन पुरेत. तयार यादीच हवी असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची 'अकॅडमिक वर्ड लिस्ट' घ्या, म्हणजे अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी. तिच्यात 570 शब्दकुळं आहेत, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट. 'लोक्वेशस' (बडबड्या) यासारखे परीक्षेचे दागिने तिच्यात नाहीत, हे बरंच.

शब्दाच्या मूळ धातूवरून शिकणं मला आवडतं. 'इन्स्पेक्ट', 'रेट्रोस्पेक्ट', 'सर्कमस्पेक्ट' या तिन्हींत 'स्पेक्ट' म्हणजे बघणं आहे, आणि आपलं संस्कृत 'पश्यति' त्याच कुळातलं. पण हे लक्षात ठेवण्यापुरतं. त्यावरून अर्थाचा अंदाज बांधलात तर माझ्यासारखं साहेबांसमोर उभं राहाल.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. मराठी बाजू समोर ठेवून इंग्रजी तुकडा आठवायचा, उलटं नाही. उलटं सोपं जातं आणि आपल्याला येतंय असा भास होतो. त्या भासात राहणाऱ्यालाच कॉम्प्लेसंट म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.