विहिरीत समुद्र शिरला का?

प्रश्न : मोरजीला आमची विहीर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यानंतर क्लोराइड लिटरला 60 मिलिग्रॅम होतं, मे महिन्यात 310 निघालं. खारं पाणी शिरलं की क्लोराइड वाढतं, असं वाचलं. म्हणजे समुद्रच आत आला ना? घरात तान्हं बाळ आहे.

उत्तर : ताई, शक्य आहे, पण एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. समुद्र आला की क्लोराइड वाढतं, हे खरं. क्लोराइड वाढलं म्हणजे समुद्रच आला, हे मात्र त्यातून निघत नाही. शौचालयाच्या टाकीतूनही ते झिरपतं, आणि आपल्या जांभ्याच्या भेगांतून विहिरीपर्यंत सहज पोचतं. माझ्या आईच्या विहिरीसाठी मी दोन वर्षं समुद्रालाच दोष देत राहिले. मैल्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट तपासलं तेव्हा टाकीची गळती कळली. ती दोन वर्षं आई तेच पाणी पीत होती.

म्हणून नायट्रेट तपासा. ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी टाकी बघा. नायट्रेट नगण्य आणि मॅग्नेशियम कॅल्शियमपेक्षा जास्त असेल, तर समुद्राचा संशय बळावतो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम कॅल्शियमच्या सुमारे तिप्पट असतं. अहवाल येईपर्यंत बाळाच्या दुधाला हे पाणी वापरू नका. उकळून नायट्रेट जात नाही.