जॉन एन्टविसलच्या बेस वादनाला रसिक इतके का मानतात?

‘द हू’ या ब्रिटिश बँडचा दिवंगत बेस गिटारवादक जॉन एन्टविसल याचे एवढे नाव का घेतले जाते, असे तुम्ही विचारले आहे आणि गाण्यात बेस वेगळा असा ऐकूच येत नाही, अशी तक्रारही केली आहे. मी स्वतः हौशी बेसवादक असल्यामुळे तक्रारीपासूनच सुरुवात करतो. बहुतेक रॉक गाण्यांत बेसने ड्रम्सच्या ठेक्याला चिकटून राहावे, खर्जात मूळ स्वर धरून ठेवावा आणि स्वतःकडे लक्ष वेधू नये, अशीच अपेक्षा असते. त्यामुळे तो ऐकू आला नाही तर दोष तुमच्या कानांचा नाही. एन्टविसल या मागच्या जागेवरून उठून पुढे आला, आणि तेही रंगमंचावर एक पाऊल न हलवता.

हे त्याला का जमले, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्याच्या सोबत्यांत आहे. पीट टाउनशेंड हा गिटारवर लांबलचक एकल वादन करण्यापेक्षा जोरकस कॉर्ड्सनी, म्हणजे एकदम वाजवलेल्या स्वरसमूहांनी, लय उभी करणारा वादक होता. ड्रमर कीथ मून याच्याबद्दल तर असे म्हणावेसे वाटते की, एखाद्या तबलजीने ठेका जवळजवळ सोडून देऊन मैफलभर तुकडेच वाजवत राहावे, तसे त्याचे वादन होते. गिटार लयीच्या कामाला लागली आणि ड्रम्स नक्षीकामात रमले, तेव्हा मधली सुरावटीची जागा मोकळी राहिली. ती एन्टविसलने भरली, आणि त्याच वेळी गाण्याचा सांगाडाही सावरून धरला. १९४४ मध्ये जन्मलेला आणि लंडनच्या चिझिक भागात वाढलेला हा मुलगा बेसकडे वळण्यापूर्वी पियानो, ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न शिकला होता. त्यामुळे त्याच्या बेसच्या ओळी एकाच स्वरावर ठोके देत बसत नाहीत. फुंकवाद्याच्या ओळींसारख्या त्या उठतात, वळतात आणि श्वास घेतात, असे मला नेहमी वाटते.

दुसरे कारण नादाचे आहे. त्या काळात बेसच्या तारांवर सहसा सपाट पट्टी गुंडाळलेली असे, आणि तिचा आवाज गोल पण दबका येई. ‘द हू’च्या १९६५ च्या ‘माय जनरेशन’ या गाण्यातील बेसच्या एकल तुकड्यांसाठी एन्टविसलला झणझणीत आवाज हवा होता. बारीक तारांचा एक बेस त्याने त्यासाठी घेतला, परंतु तारा तुटल्यावर सुट्या तारा बाजारात मिळेनात, म्हणून त्याला पुन्हा नवे वाद्यच विकत घ्यावे लागले. अखेर अंतिम ध्वनिमुद्रण फेंडर या कंपनीच्या बेसवर झाले. १९६६ मध्ये रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीबरोबर प्रयोग करून त्याने गोल तार गुंडाळलेल्या बेसच्या तारा घडवून घेतल्या. या तारांना पियानोच्या खालच्या सप्तकासारखी धार आणि दीर्घ गुंजन असते. पुढच्या काळात रॉकमधील असंख्य वादकांनी त्याच जातीच्या तारा लावल्या, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत टिकाऊ वारसा हाच आहे, कारण ज्यांनी त्याचे नावही ऐकलेले नाही तेही त्याने शोधलेल्या नादात वाजवत असतात.

उजव्या हाताची बोटे तारांवर वरून टंकलेखकासारखी आपटून स्वर आणि आघात एकदमच काढण्याची त्याची एक पद्धत होती. तिचे अनुकरण करण्याचा मी बराच काळ प्रयत्न केला आणि मला फक्त आघातच साधला.

तुम्ही ऐकायला सुरुवात ‘क्वाड्रोफेनिया’ या १९७३ च्या अल्बममधील ‘द रिअल मी’पासून करावी. त्यात गायक रॉजर डाल्ट्री याच्या प्रत्येक ओळीला बेस उलट उत्तर देतो. हा भाग आपण गंमत म्हणून वाजवला आणि पहिल्याच प्रयत्नात तो पसंत झाला, असे एन्टविसलने पुढे सांगितले होते. याच अल्बममधील फुंकवाद्येही त्यानेच वाजवली आहेत. त्यानंतर ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’च्या प्रत्यक्ष सादरीकरणातून केवळ बेस वेगळा काढलेले ध्वनिमुद्रण इंटरनेटवर शोधा. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, हेडफोन लावा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ही शैली उसनी घेऊन दुसऱ्या बँडमध्ये बसवली तर बहुधा गाणे बिघडते, कारण तिथे टाउनशेंडही नसतो आणि मूनही नसतो. ज्यांनी तिच्यातून स्वतःचे काही घडवले, त्यांत ‘यस’ या बँडचा क्रिस स्क्वायर आणि ‘रश’ या बँडचा गेडी ली ही नावे आवर्जून घ्यावी लागतील. स्वतः एन्टविसल २७ जून २००२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, लास व्हेगासमधील हॉटेलात कोकेनमुळे आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याने गेला. बँडचा अमेरिकेचा दौरा दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचा होता. १ जुलैला हॉलीवूड बोलमध्ये दौरा सुरू झाला तेव्हा त्याच्या जागी पिनो पॅलाडिनो हा अत्यंत कुशल बेसवादक उभा होता. त्याने शहाणपणाने एन्टविसलची नक्कल केली नाही, आणि म्हणूनच त्या वेळच्या वादनात गिटार आणि ड्रम्स यांच्यामधली मोकळी जागा स्पष्ट ऐकू येते.